बोट आणि आवाज यांच्या मधे

"भाऊ, गाणं करायचंय. अँड्रॉइड घेऊ का आयफोन?" असं विचारत एखादा तरी मुलगा दर थोड्या दिवसांनी माझ्या दुकानात येतो. नातेपुत्यात माझं मोबाईलचं दुकान आहे. दुकान बंद झालं की मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, लग्नसराईत कीबोर्ड वाजवतो, कुणाला गाणं रेकॉर्ड करून हवं असेल तर तेही करून देतो. त्यामुळं हा प्रश्न मला विकणारा म्हणूनही पडतो आणि वाजवणारा म्हणूनही. विकणाऱ्याचं उत्तर सोपं आहे, खिशात किती पैसे आहेत ते विचारायचं. वाजवणाऱ्याचं उत्तर सापडायला मला बरीच वर्षं लागली, कारण ते फोनच्या खोक्यावर कुठंच छापलेलं नसतं. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी केवढी, रॅम किती, हे सगळं खोक्यावर असतं. काचेवर बोट पडल्यापासून आवाज कानात यायला किती वेळ लागतो, हे नसतं. मी सगळ्यात आधी तेच बघतो.

आमचं गाव पालखीमार्गावरचं. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी बरडचा मुक्काम उरकून धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यात मुक्कामाला येते. दुसऱ्या दिवशी पुरंदावडे-सदाशिवनगरला गोल रिंगण आणि पुढं माळशिरस. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला कावडी निघतात, मुंगी घाट चढतात, तेव्हा हलगीचा आवाज आठवडाभर कानातून जात नाही. भजनी मंडळं गावोगाव आहेत. एप्रिलमध्ये भीमजयंतीची नवी गाणी लागतात, गणपतीत मंडळांची, निवडणुकीत प्रचाराची, लग्नात हळदीची. या सगळ्या गाण्यांसाठी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत जाणं कुणाला परवडत नाही. स्टुडिओ म्हणजे हातातला फोन. म्हणून तो कोणता घ्यायचा हा आमच्याकडं हौसेचा प्रश्न नाही.

सुरुवातीला फोन हे नुसतं ऐकायचं यंत्र होतं. मेमरी कार्ड घेऊन माणसं यायची आणि आम्ही संगणकावरून गाणी भरून द्यायचो. भजनं एका फोल्डरमध्ये, लावण्या दुसऱ्यात, हिंदी तिसऱ्यात. मग काचेच्या पडद्याचे स्वस्त अँड्रॉइड फोन आले आणि त्यांत पियानोची, तबल्याची, ढोलकीची ॲप आली. पोरं काउंटरवर उभी राहून ती वाजवून बघायची. आमच्या मंडळात पखवाज वाजवणारे एक काका तेव्हा दुकानात आले होते. मी हौसेनं त्यांच्यापुढं तबल्याचं ॲप धरलं. त्यांनी 'धा'वर बोट मारलं, पुन्हा मारलं, मग लय धरून थोडं वाजवलं आणि फोन काउंटरवर ठेवला.

"हे माझ्या मागनं चालतंय," ते म्हणाले. "मी पुढं, हे मागं. ह्याच्यासंगं वाजवायचं म्हणजे हाताला खोटं शिकवायचं."

मोबाईल विकणाऱ्या माझ्या लक्षात जे आलं नव्हतं ते त्यांच्या हाताच्या एका क्षणात लक्षात आलं. त्या दिवसापासून मी या गोष्टीच्या मागं लागलो.

कारण समजून घेतलं तेव्हा मला नीरा उजवा कालवा आठवला. वीर धरणातून पाणी सोडलं म्हणजे ते लगेच टेलच्या शेतकऱ्याला मिळत नाही. कालवा भरतो, मग फाटा भरतो, मग चारी भरते आणि तेव्हा कुठं शेवटच्या वावरात पाणी येतं. फोनमध्ये आवाजाचं असंच आहे. ॲप आवाज तयार करतं आणि थोडाथोडा साठवून पुढं देतं. सिस्टीमचा मिक्सर तो आपल्याकडं साठवतो, इतर आवाजांत मिसळतो आणि चिपच्या ड्रायव्हरला देतो. ड्रायव्हर पुन्हा साठवतो. हा प्रत्येक साठा म्हणजे बफर, आणि प्रत्येक बफर म्हणजे उशीर. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगानं चालणाऱ्या आवाजात २५६ नमुन्यांचा एक बफर साधारण सव्वापाच मिलिसेकंद खातो. एखादा बफर काहीच नाही. पण जुन्या अँड्रॉइडमध्ये असे मोठेमोठे साठे एकामागं एक होते आणि सगळा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर जायचा.

आयफोनचं असं का नव्हतं? तिथं फोन आणि सिस्टीम एकाच कंपनीची आणि मॉडेलं मोजकी. शिवाय आवाजाचा पाया, म्हणजे कोअर ऑडिओ, हा मॅक संगणकातून आलेला आणि मॅकवर संगीतकार आधीपासूनच काम करत होते. लॉजिक हे सॉफ्टवेअर बनवणारी एमॅजिक ही जर्मन कंपनी ॲपलनं २००२ मध्येच विकत घेतली होती. मार्च २०११ मध्ये आयपॅडवर गॅरेजबँड आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयफोनवर. बोट पडलं की आवाज, मधे जाणवण्यासारखं काही नाही. अँड्रॉइड मात्र शेकडो कंपन्यांच्या हजारो फोनांवर चालायचं होतं आणि प्रत्येकाची चिप वेगळी, ड्रायव्हर वेगळा. हा उशीर कमी करा अशी मागणी अँड्रॉइडच्या दोषांच्या यादीत २००९ पासून नोंदलेली होती, क्रमांक ३४३४. जगभरचे वाजवणारे वर्षानुवर्षं तिच्याखाली आपापली तक्रार जोडत राहिले. आमच्या पखवाजवाल्या काकांनी काउंटरवर जे बोलून दाखवलं तेच सगळे लिहीत होते.

मिलिसेकंदाचा हिशेब पोरांना समजावायला मी दिंडी वापरतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरसुद्धा नाही. मृदंगवाल्यापासून तीस मीटर मागं चालणाऱ्या टाळकऱ्याला मृदंग जवळजवळ नव्वद मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणून जाणता टाळकरी लांबच्या आवाजावर टाळ मारत नाही. तो शेजारच्याचा हात बघतो, पावलं बघतो आणि पावलीवर टाळ धरतो. दीडशे मिलिसेकंद उशीर करणारा फोन हातात धरणं म्हणजे आपलाच मृदंग आपल्यापासून पन्नास मीटर लांब नेऊन ठेवणं. आपलं बोट इथं आणि आवाज पन्नास मीटरवर. हे सांगितलं की पोरांना कळतं.

आणि हात खरंच खोटं शिकतो. ढोलकी चांगली वाजवणारा एक मुलगा आमच्याकडं यायचा. घरी ढोलकी वाजवली की शेजारी ओरडायचे म्हणून रात्री तो फोनवर सराव करायचा. दोन-तीन महिन्यांनी मंडळात बसला तर त्याची थाप प्रत्येक वेळी समेच्या किंचित आधी पडत होती. फोनचा उशीर भरून काढायला हात आधी जायला लागला होता आणि तीच सवय चामड्यावर आली होती. बुवांनी त्याला सगळं सोडून नुसता टाळ धरायला लावलं. महिनाभर तो टाळकऱ्यांत उभा राहिला, तेव्हा हात जागेवर आला. तेव्हापासून वाजवायला शिकणाऱ्या मुलाला उशीर करणारा फोन मी सरावासाठी देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. नुसतं ऐकणाऱ्याला, गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला कुठलाही फोन चालतो. ज्याचा हात तालावर चालतो त्याला चालत नाही.

फोन तपासायची माझी रीत साधी आहे. वायरचा हेडफोन लावायचा, ड्रमचं ॲप उघडायचं आणि काचेवर नखानं टिचकी मारायची. नखाचा 'टक' आणि ॲपचा आवाज एकच ऐकू आला तर फोन चांगला. दोन वेगळे ऐकू आले तर तो वाजवायच्या कामाचा नाही. दुसरं कुठलंही यंत्र लागत नाही.

मी स्वतः पुण्यातून एक वापरलेला आयपॅड आणला, तो माझ्या कामाला कलाटणी देणारा ठरला. त्यावर पेटीची सुरावट बसवताना पहिल्यांदाच मी यंत्राला विसरून वाजवत होतो. तेव्हा येणारी पोरं मोठमोठी उदाहरणं घेऊन यायची, आणि ती खरी होती. गोरिलाझ या इंग्लंडच्या बँडनं २०१० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात 'द फॉल' हा अल्बम मुख्यतः आयपॅडवर केला. स्टीव्ह लेसी नावाचा अमेरिकेतला कोवळा पोरगा आयफोनला गिटार जोडून गॅरेजबँडमध्ये गाणी करायचा, आणि केंड्रिक लमारच्या २०१७ च्या 'डॅम' या अल्बममधल्या 'प्राइड' या गाण्यावर त्याचं काम आहे. हे ऐकून इथल्या बापाला वाटायचं की पोराला आयफोन घेऊन दिला की झालं. मला त्या बापांशी बोलावं लागायचं, कारण आयपॅड आल्यावर दुसऱ्या अडचणी सुरू झाल्या होत्या आणि त्या संगीताच्या नव्हत्या, माणसांच्या होत्या.

मंडळातल्या सगळ्यांकडं अँड्रॉइड. मी चाल बसवायचो ती आयपॅडमध्ये राहायची. फाइल बाहेर काढायची तर संगणक आणि आयट्यून्स लागायचं. 'फाइल्स' हे ॲपच मुळात आयओएस ११, म्हणजे आयफोन-आयपॅडच्या सिस्टीमची अकरावी आवृत्ती, हिच्याबरोबर २०१७ मध्ये आलं. अँड्रॉइडवाले मात्र केबल लावून किंवा मेमरी कार्ड काढून एका मिनिटात फाइल देऊन मोकळे. गायक एका गावात, कोरसच्या बाया दुसऱ्या गावात, मी दुकानात. अशा कामात फाइल हातोहात फिरली नाही तर गाणंच होत नाही. आमच्याकडं बराच काळ सगळी देवाणघेवाण शेअरइटवर चालायची. जून २०२० मध्ये सरकारनं चिनी ॲपवर बंदी घातली त्यात शेअरइटही गेलं, आणि सगळे व्हॉट्सॲपवर आले. तिथं आवाज दाबला जातो हे कुणाला माहीत नव्हतं. मी प्रत्येकाला बसवून शिकवलं: गाणं ऑडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आहे तसं पोचतं.

त्याच आयओएस ११ नं आणखी एक गोष्ट केली. ३२ बिटांची जुनी ॲप तिच्यावर उघडेनाशी झाली. ज्यांनी ॲप नवी केली नाहीत त्यांची ती कायमची गेली. त्यांत केलेली कामंही त्यांच्याबरोबर अडकली. अँड्रॉइडकडं उलटं दुखणं, कितीतरी फोनांना दोन वर्षांनी नवी सिस्टीमच येत नाही. मी दोन्हींवर एकच नियम केला. कार्यक्रमाच्या आधी अपडेट करायचं नाही, आणि काम संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळा, वेव्ह फाइल करून बाहेर काढून ठेवायचा. प्रोजेक्टच्या फाइलवर भरवसा ठेवायचा नाही. वेव्ह फाइल कुठंही उघडते.

दरम्यान अँड्रॉइड सुधारत होतं, आणि हे मी काउंटरवर टिचकी मारून मारून बघत होतो. २०१२ च्या ४.१ मध्ये पहिल्यांदा उशीर कमी करायचा खरा प्रयत्न झाला. २०१४ च्या ५.० मध्ये यूएसबीवरून आवाज घ्यायची-द्यायची सोय सिस्टीममध्ये आली, २०१५ च्या ६.० मध्ये मिडी आलं, म्हणजे कीबोर्ड थेट फोनला जोडता यायला लागला. २०१७ च्या ८.० मध्ये एऑडिओ नावाची नवी वाट निघाली, ती मधले साठे टाळून जाते. आत जाऊन बाहेर यायला वीस मिलिसेकंद किंवा त्याहून कमी लागले तरच फोनला 'प्रो ऑडिओ' म्हणता येईल असा दंडकही गूगलनं घातला. पण तो पाळायची सक्ती प्रत्येक फोनवर नाही. त्यामुळं एकाच किमतीचे दोन अँड्रॉइड शेजारी ठेवले तर एक पास होतो आणि दुसरा नापास, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. आयफोनबद्दल 'आयफोन घे' म्हणून थांबता येतं. अँड्रॉइडबद्दल कुठलं मॉडेल ते सांगावं लागतं, आणि ते टिचकी मारल्याशिवाय सांगता येत नाही.

ॲपही आली. एफएल स्टुडिओ मोबाईल दोन्हीकडं आहे, क्युबेसिस २०२० मध्ये अँड्रॉइडवर आलं. ऑडिओ इव्होल्यूशन नावाचं एक ॲप यूएसबीसाठी स्वतःचाच ड्रायव्हर घेऊन येतं आणि सिस्टीमला बाजूला ठेवून साउंड कार्डाशी बोलतं. साध्या अँड्रॉइडवर मी जे चांगलं काम केलं त्यातलं बरंचसं त्याच्यामुळं. मात्र ओटीजी, म्हणजे यूएसबीची दुसरी वस्तू फोनला जोडायची सोय, चालत नाही असे स्वस्त फोन अजून विकले जातात. म्हणून साउंड कार्ड घ्यायला आलेल्याला मी आधी साधा पेन ड्राइव्ह लावून बघायला सांगतो. पेन ड्राइव्ह दिसला नाही तर साउंड कार्ड घेऊ नको.

नगरपंचायतीच्या निवडणुकीत एका उमेदवाराचं प्रचारगीत रात्रीत करायचं होतं. गायक आला आणि लाइट गेली. फोनवर काम होतं म्हणून थांबलं नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा कानावर आली. चार्जर लावलेला असताना मागं जी बारीक घूं ऐकू यायची ती बॅटरीवर चालवल्यावर नाहीशी झाली. तेव्हापासून रेकॉर्डिंग करताना मी चार्जर काढूनच ठेवतो, लाइट असो वा नसो. पहाटे गाणं तयार झालं, आणि सकाळी रिक्षावर वाजत होतं.

आवाज टिपण्याचा मुद्दा निघाला म्हणून तानपुऱ्याचं सांगतो, कारण यानं मला सगळ्यात जास्त दमवलं. शेजारच्या गावातल्या महिला मंडळाचं भजन रेकॉर्ड करत होतो. एका फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग. ऐकायला बसलो तर पहिले काही सेकंद तानपुरा आहे आणि मग तो विरत गेलेला. बाया गायच्या थांबल्या की क्षणभर फुगून वर यायचा, गायला लागल्या की बुडायचा. मी तानपुऱ्याचा आवाज वाढवला, तरी तेच. माइक बदलला, तरी तेच. शेवटी कळलं की फोन आपलं काम चोख करत होता. फोन मुळात बोलण्यासाठी बनवलेला. बोलताना मागं पंखा असेल, मोटार असेल, तर तो सतत चालणारा एकसुरी आवाज ओळखून काढून टाकायचा, हे त्याला शिकवलेलं. आणि तानपुरा म्हणजे सतत चालणारा एकसुरी आवाज. ज्याच्यावर आपलं सगळं गाणं उभं आहे तो षड्ज फोनला गोंगाट वाटत होता.

अँड्रॉइड ७.० मध्ये, २०१६ साली, प्रक्रिया न केलेला आवाज मागायची सोय ॲपसाठी आली. आयओएसवर ॲपला तशी सोय आहेच. पण फोनबरोबर येणारे साधे रेकॉर्डर ती वापरतीलच असं नाही. म्हणून आता मी आधी अर्धा मिनिट नुसता तानपुरा रेकॉर्ड करून बघतो. तो शेवटपर्यंत तसाच राहिला तरच पुढं जायचं. आणि जमलं तर तानपुरा गाणाऱ्यांना कानात द्यायचा आणि रेकॉर्डिंगमध्ये नंतर वेगळ्या ट्रॅकवर घालायचा. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तशा खऱ्या तानपुऱ्यासमोर फोन ठेवायची संधी मला एकदा मिळाली होती. जवारीतून निघणारे वरचे सूर बिनप्रक्रियेच्या रेकॉर्डिंगमध्ये जसे ऐकू आले, तसे ते साध्या रेकॉर्डरमध्ये नव्हतेच. ज्यानं फरक ऐकला तो पुन्हा साधा रेकॉर्डर लावत नाही.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. फोन कितीही चांगला असला तरी ब्लूटूथचा हेडफोन शंभर-दोनशे मिलिसेकंद स्वतःच घालतो. महागडा आयफोन आणि कानात ब्लूटूथची बोंडं लावून गाणारा मुलगा तालाच्या मागं पडतो आणि त्याला वाटतं आपल्याला ताल येत नाही. कितीतरी पोरांना मी दुकानातला साधा वायरचा इअरफोन देऊन तिथंच गायला लावलं आणि ती तालात आली. आयफोनमधून हेडफोनचं भोक २०१६ मध्ये गेलं, पुढं महागड्या अँड्रॉइडमधूनही गेलं. स्वस्त अँड्रॉइडमध्ये ते अजून सापडतं. संगीत करणाऱ्यासाठी ती मोठी गोष्ट आहे, आणि मी ती आवर्जून सांगतो.

पट्टीचाही एक अनुभव आहे. एका कीबोर्डवाल्याला मी गाण्याचा ट्रॅक पाठवला, काळी एकमधला. त्याचा फोन आला, "पट्टी उतरलीय, पेटीवर बसत नाही." खरंच जवळजवळ दीड अर्धस्वर उतरली होती, आणि लयही सैल झाली होती. माझं रेकॉर्डिंग सेकंदाला ४८,००० नमुन्यांचं. त्याच्याकडचं ॲप ते ४४,१०० समजून वाजवत होतं. दोन आकड्यांतल्या फरकाएवढीच पट्टी खाली. बऱ्याच फोनांचा आतला वेग ४८,००० असतो आणि संगीताच्या सीडीचा ४४,१००, त्यामुळं हा घोळ दोन सिस्टीममध्ये ये-जा करताना होऊ शकतो. गाण्याच्या आधी सगळ्यांनी आकडा ठरवून घ्यायचा, जसं पट्टी ठरवून घेतो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांबरोबर आली. बारावी झालेली, स्वतः अभंगांना चाली लावणारी. वडिलांनी ऊस गेल्यावर आयफोन घ्यायचा असं ठरवून ठेवलं होतं. मी तिला विचारलं, तू वाजवतेस का गातेस? म्हणाली, "गाते. आणि मग चार-पाच आवाज मीच एकावर एक ठेवते." तिच्या हातात आधीच बरा अँड्रॉइड होता. मी तिला तोच ठेवायला सांगितला, एक वायरचा माइक आणि छोटं साउंड कार्ड दिलं, आणि बँडलॅब लावून दिलं, ते फुकट आहे आणि दोन्ही सिस्टीमवर चालतं. वडिलांना खात्री वाटेना, स्वस्तात काम झालं म्हणजे काहीतरी कमी असणार असं त्यांना वाटत होतं. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिचा मुद्दा मला नवा होता. तिचं म्हणणं, गाताना फोन उशीर करतो ते मला अडत नाही, मी फोनमधून स्वतःचा आवाज ऐकतच नाही, एक कान उघडा ठेवून गाते. अडतं ते वेगळंच. "दादा, ह्यातली टिकटिक मला लय वाढवू देत नाही."

तिचं बोलणं माझ्या मनात बसलं, कारण ते दोन्ही सिस्टीमना सारखंच लागू होतं. बहुतेक ॲप ठरलेल्या लयीच्या चौकटीवर बांधलेली आहेत. मिनिटाला अमुक ठोके, आणि शेवटपर्यंत तेवढेच. आपलं भजन तसं चालत नाही. अभंग संथ सुरू होतो, चरणागणिक तापतो, शेवटी गजरात टाळ दुपटीनं वाजायला लागतात. ही वाढ कुणी मोजून करत नाही, मृदंगवाला आणि बुवा एकमेकांकडं बघून करतात. काही ॲपमध्ये लय वाढवायची सोय असते, पण ती आधी आकड्यात सांगावी लागते. कुठल्या ओळीला गाणं तापेल हे आधी कोण सांगणार? मी उशीर मोजण्यात इतकी वर्षं घालवली होती आणि या मुलीनं दाखवलं की उशीर शून्य झाला तरी वेळ आपल्या हातात येत नाही.

त्यानंतर आम्ही टिकटिक बंद केली. आधी मृदंग आणि बुवांचा आवाज एका बैठकीत, एकमेकांसमोर बसवून घ्यायचा. मग त्यावर बाकीचे. ॲपच्या चौकटीच्या रेषांकडं बघायचंच नाही. अशा कामात साधा अँड्रॉइड आणि महाग आयफोन यांत फारसं अंतर उरत नाही. जिथं अंतर उरतं ते काचेवर वाजवण्यात, आणि तिथं मी आजही माझा आयपॅडच घेतो. त्या मुलीलाही पुढं कीबोर्ड शिकायचा होता तेव्हा मी तिला वापरलेला आयपॅड मिळवून दिला. फोन मात्र तिनं बदलला नाही. तिच्या चाली गाणाऱ्या सगळ्याजणी अँड्रॉइडवर आहेत, आणि तिला तेच सोयीचं आहे.

पालखीच्या मुक्कामाला आम्ही दरवर्षी एखाद्या दिंडीचा हरिपाठ टिपतो. त्या दिवशी गावात एवढी माणसं असतात की नेट चालत नाही, फोन लागला तर लागला. नेटवर चालणारं कुठलंही ॲप त्या दिवशी बंद. म्हणून आदल्या दिवशी विमान मोडवर टाकून सगळं चालतंय का ते बघून ठेवतो. दोन फोन लावतो, एक बुवांजवळ, एक मृदंगाजवळ, आणि टाळांपासून दोन्ही लांब, नाहीतर टाळ माइक फाडतात. सुरुवातीला मोठ्यानं एक टाळी वाजवायची, नंतर दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवायच्या. तरी तासाभराच्या हरिपाठात शेवटी दोन्ही फोन किंचित सरकलेले असतात, कारण प्रत्येक फोनचं घड्याळ स्वतःच्या चालीनं चालतं. मग शेवटीही एक टाळी घ्यायची, आणि मधला फरक ताणून काढायचा.

गेल्या काही वर्षांत मंडळातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चाली आम्ही अशाच धरून ठेवतोय. एकेका अभंगाच्या तीन-तीन चाली त्यांना येतात आणि त्या कुठं लिहिलेल्या नाहीत. फाइलच्या नावात अभंगाची सुरुवात, पट्टी, ताल आणि गाव घालतो. माणसाचं नाव त्यांनी परवानगी दिली तरच. एक प्रत माझ्याकडं, एक मंडळाकडं, वेव्हमध्येच. ऐकायला म्हणून एमपी३ वेगळी काढून पाठवतो. गेल्या आठवड्यात पखवाजवाल्या काकांचा ठेका घेतला, आयपॅडच्या काचेवर नव्हे, त्यांच्याच पखवाजावर, डाव्या बाजूला ताजी कणीक लावून. फोनच्या स्पीकरवर त्यांना स्वतःची धूम, म्हणजे त्या डाव्या बाजूचा आवाज, ऐकू आली नाही म्हणून ते खट्टू झाले. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. मी वायरचा हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "आता हे मागनं येत नाही." पुढच्या एकादशीला त्यांना धुमाळीचा आणि केरव्याचा ठेकाही द्यायचा आहे.